शेतातील काड, मद्यार्क आणि आपला व्यापारधर्म

धान्याच्या व्यापाऱ्याने दाण्याविषयी बोलावे. काडीकचऱ्याची उठाठेव त्याने कशाला करावी, असा प्रश्न हा मथळा वाचून कित्येक सभासदबंधूंच्या मनात उभा राहील. त्याचे उत्तर प्रारंभीच देणे बरे. मक्याचा भाव आता केवळ पाऊस, पेरणी आणि कोंबडीखाद्याची मागणी यांवर ठरत नाही. पेट्रोलमध्ये मद्यार्क, म्हणजे सध्या सर्वत्र ज्याला इथेनॉल म्हणतात तो, किती मिसळावा व कशापासून काढावा, या दिल्लीतील निर्णयावरही तो ठरतो. दाणा इंधनाच्या टाकीत जाऊ लागला तेव्हाच हा विषय आपल्या पेढीवर येऊन बसला. म्हणून यासंबंधीचे आमचे मत आम्ही सभासदांपुढे ठेवीत आहोत. ते थोडक्यात असे की, दाणा अन्नासाठी राखावा. इंधनासाठी शेतात मागे राहणाऱ्या काडाकडे वळावे. आणि काडाच्या या नव्या व्यापारात आपल्या समाजाने डोळे उघडे ठेवून, अटी घालून, परंतु संकोच न करता उतरावे.

प्रथम दाण्याची हकीकत पाहू. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ साली झाले, आणि त्यांतील एक बेळगावच्या शेजारी मिरजेस, तर दुसरा मनमाडला झाला. २००३ साली काही राज्यांत शेकडा पाच मिश्रण सुरू झाले. पुढे बरीच वर्षे हे काम रेंगाळले. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर त्याला वेग आला. जून २०२२ मध्ये मिश्रण शेकडा दहावर आणि २०२५ साली शेकडा वीसवर पोहोचले. आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी शेकडा पंच्याऐंशीहून अधिक तेल परदेशातून येते, हे लक्षात घेता या धोरणाचा हेतू स्तुत्यच म्हटला पाहिजे.

हेतू चांगला असला, तरी माल कोठून आणावयाचा हा प्रश्न उरतोच. आरंभी साखर कारखान्यांची मळी वापरली जाई; नंतर उसाचा रस आला; त्यानंतर फुटका तांदूळ आणि मका. ७ डिसेंबर २०२३ रोजी सरकारने उसाच्या रसापासून मद्यार्क काढण्यावर निर्बंध घातला आणि सारा भार मक्यावर पडला. जानेवारी २०२४ मध्ये मक्यापासूनच्या मद्यार्कास लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे असा भाव ठरला. २०२३-२४ च्या पुरवठा-वर्षात धान्यापासून निघालेला मद्यार्क उसापासूनच्या मद्यार्काहून अधिक भरला. परिणाम काय झाला? जो देश मका निर्यात करीत असे, त्याने २०२४ साली मका आयात केला, आणि कुक्कुटपालकांनी खाद्याच्या भावाबद्दल हाकाटी केली. पुढच्याच वर्षी पीक भरघोस आले आणि मद्यार्काची खरेदी तेवढ्या प्रमाणात वाढली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये कर्नाटकात मक्याचा बाजारभाव क्विंटलला २,४०० रुपये या आधारभूत किमतीच्या पुष्कळ खाली उतरला आणि शेतकरी रस्त्यावर आले. एका वर्षी खाणारा रडला, दुसऱ्या वर्षी पिकवणारा. अन्नाचा भाव इंधनाच्या दावणीला बांधला की असेच होणार, हे सांगावयास मोठा अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

आता काडाकडे वळू. पेंढा, गव्हाचा भुसा, उसाचे पाचट, तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या, मक्याचे दाणे उतरवल्यावर उरणारी मोकळी कणसे, या सर्वांचा देह तीन द्रव्यांनी बनलेला असतो. सेल्युलोज हे त्यातील धागे. हेमिसेल्युलोज हे धाग्यांना लपेटून असणारे द्रव्य. आणि लिग्निन हे सर्वांना घट्ट धरून ठेवणारा चुना. पहिली दोन्ही द्रव्ये म्हणजे एकमेकांत गुंफलेली शर्कराच होय. १८१९ साली हेन्री ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञाने कापडाच्या चिंध्यांवर गंधकाम्लाची क्रिया करून साखर काढून दाखविली होती. म्हणजे काडात साखर आहे हे ज्ञान दोनशे वर्षांचे जुने आहे. अडचण ज्ञानाची नाही. ती साखर परवडेल अशा खर्चात सोडवून घेण्याची आहे.

पद्धत साधारण अशी. काड वाळवून बारीक करावयाचे. पातळ आम्ल व वाफ यांच्या योगाने त्याची वीण सैल करावयाची, म्हणजे हेमिसेल्युलोजातील शर्करा बाहेर पडते. नंतर विशिष्ट बुरशीपासून मिळविलेली पाचकद्रव्ये घालून सेल्युलोजाची शर्करा सोडवावयाची. मग यीस्ट घालून ती आंबवावयाची. शेवटी ऊर्ध्वपातन करून मद्यार्क वेगळा काढावयाचा. उरलेले लिग्निन त्याच कारखान्याच्या भट्टीत जळण म्हणून चालते.

यांतील आंबवण्याच्या पायरीवर एक पेच आहे, आणि आमच्या लेखाचा गाभा तोच आहे. सेल्युलोजापासून निघते ती ग्लुकोज, सहा कर्बांची शर्करा. हेमिसेल्युलोजापासून मुख्यतः निघते ती झायलोज, पाच कर्बांची शर्करा. पावासाठी आणि मद्यार्कासाठी शतकानुशतके वापरात असलेले नेहमीचे यीस्ट, ज्याचे शास्त्रीय नाव सॅकरोमायसेस सेरेव्हिसी, ते ग्लुकोज झपाट्याने आंबवते. झायलोजला मात्र तोंडही लावत नाही. भाताच्या पेंढ्यात ही दुसरी शर्करा एकूण शर्करेचा सुमारे तिसरा हिस्सा असते. मक्याच्या मोकळ्या कणसात तर हेमिसेल्युलोज शेकडा तीस ते पस्तीस असल्याने हा हिस्सा रुपयातील चाळीस पैशांच्या घरात जातो. माल खरेदी केला, वाहून आणला, दळला, शिजवला आणि रुपयातील चाळीस पैसे गटारात सोडले, तर ती पेढी किती दिवस चालेल?

झायलोज आंबवणारी यीस्टे निसर्गात आहेत. शेफरसोमायसेस स्टिपिटिस हे त्यांतील विशेष अभ्यासलेले यीस्ट. पूर्वी त्याला पिचिया स्टिपिटिस म्हणत. त्याचे भाऊबंद लाकूड खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या आतड्यात राहतात, म्हणजे काडातील साखर पचविण्याचा धडा त्यांनी निसर्गाच्या शाळेतच गिरविला आहे. ही दोन यीस्टे एकत्र नांदवून दोन्ही शर्करा आंबवावयाच्या, यालाच मिश्र यीस्टांची पद्धत म्हणतात.

तथापि कोणतीही भागीदारी नुसत्या शुभेच्छांवर चालत नाही, आणि हीही त्याला अपवाद नाही. स्टिपिटिसला काम करताना थोडीशी हवा लागते. सेरेव्हिसीला मद्यार्क करण्यासाठी हवा नको असते, आणि ती अधिक मिळाली तर ते साखर मद्यार्काऐवजी स्वतःच्या वाढीसाठी खर्च करते. स्टिपिटिसपुढे दोन्ही शर्करा ठेवल्या तर तेही प्रथम ग्लुकोजच खाते. सेरेव्हिसी शेकडा दहा व त्याहून अधिक मद्यार्क सहन करते. स्टिपिटिस तीन-चार टक्क्यांच्या पुढे गळू लागते. शिवाय काड शिजवताना फुरफुराल व असेटिक आम्ल असे पदार्थ तयार होतात, ते दोघांनाही बाधतात.

यावर संशोधकांनी तोडगे काढले आहेत. एक असा की, प्रथम सेरेव्हिसीकडून ग्लुकोज संपवून घ्यावे, मग उष्णतेने त्याचे काम थांबवावे, आणि नंतर हवा बेताने देत स्टिपिटिसला झायलोज द्यावे. दुसरा असा की, हेमिसेल्युलोजाचा द्रव वेगळा काढून तो स्टिपिटिसकडे आणि उरलेला घन भाग सेरेव्हिसीकडे सोपवावा. तिसरा, एका यीस्टाला चिकट द्रव्याच्या मण्यांत बांधून ठेवावे, म्हणजे दोघे एका भांड्यात असूनही एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. क्लुइव्हेरोमायसेस मार्क्सियानस नावाचे आणखी एक यीस्ट पंचेचाळीस अंशांच्या उष्णतेतही टिकते. आपल्या उन्हाळ्याच्या मुलखात हा गुण उपेक्षणीय नव्हे. तात्पर्य, ज्याला जे काम येते ते त्याला, आणि त्याच्या वेळी द्यावे. आपल्या पेढ्यांचा अनुभव याहून वेगळा काय सांगतो?

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, मोठ्या कारखान्यांचा कल मिश्र यीस्टांऐवजी, जनुकांत फेरफार करून दोन्ही शर्करा आंबवणारे एकच यीस्ट घडविण्याकडे आहे. ते सांभाळण्यास सोपे. परंतु ते त्याच्या मालकाकडूनच घ्यावे लागते. याउलट मिश्र पद्धतीतील यीस्टे निसर्गातील असून ती कोणा एकाची मिरास नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तेथे अशी संवर्धने जतन केलेली असतात. लहान प्रमाणावर, स्थानिक मालावर, स्थानिक संस्थांनी करावयाच्या कामास ही पद्धत अधिक अनुरूप आहे, असे आम्हांस वाटते.

आता जमाखर्च मांडू, कारण त्यावाचून आपल्या वाचकांचे समाधान व्हावयाचे नाही. १० ऑगस्ट २०२२ रोजी हरियाणात पानिपत येथे इंडियन ऑइलच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचे. खर्च नऊशे कोटींहून अधिक. वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा घेऊन तीन कोटी लिटर मद्यार्क काढावा अशी योजना. म्हणजे टनाला दीडशे लिटर, क्विंटलला पंधरा. एक क्विंटल मका सुमारे अडतीस लिटर देतो, तेव्हा एक क्विंटल मका वाचवावयास अडीच क्विंटल काड लागेल. भांडवल पाहिले तर वार्षिक एका लिटरमागे तीनशे रुपये पडतात. शेकडा नऊ व्याज धरले तरी लिटरमागे सत्तावीस रुपये व्याजाचेच. समजा, दुसरी शर्करा वाया गेली आणि तीन कोटींऐवजी दोन कोटी लिटरच निघाले, तर तेच व्याज लिटरमागे साडेचाळीस रुपये होते. यीस्टाचा प्रश्न हा प्रयोगशाळेतील विद्वानांचा विनोद नसून कारखाना तरेल की बुडेल याचा प्रश्न आहे, हे यावरून दिसेल.

बुडालेल्यांची उदाहरणेही डोळ्यांआड करू नयेत. अमेरिकेत आयोवा राज्यात मक्याच्या काडावर चालणारा ड्यूपाँट कंपनीचा प्रचंड कारखाना २०१५ साली सुरू झाला आणि २०१७ साली बंद पडला. त्याच राज्यातील पोएट-डीएसएमचा कारखाना २०१४ साली उघडला, २०१९ साली त्याचे उत्पादन थांबले. रुमानियात क्लॅरियंट कंपनीने गव्हाच्या काडावर उभारलेला कारखाना २०२३ च्या अखेरीस बंद करण्याचे ठरले. बंद पडण्याची कारणे अनेक. परंतु एक तक्रार वारंवार ऐकू येते ती मालाची. काडाबरोबर माती आली, गोटे आले, ओल आली. यंत्रे झिजली, नळ तुंबले, गंजींना आगी लागल्या. पानिपतसारख्या कारखान्यास रोज सुमारे साडेपाचशे टन माल लागतो, आणि पीक मात्र वर्षातून काही आठवडेच निघते. म्हणजे दहा-अकरा महिन्यांचा माल कोणीतरी विकत घ्यावा, वाळवावा, गाठी बांधाव्या, कोरडा ठेवावा आणि रोज ठरल्या वजनाने पोहोचवावा लागतो. सभासदबंधूंनी हे वाक्य पुन्हा वाचावे. हे काम इंजिनिअरचे नव्हे, प्राध्यापकाचे नव्हे. हे अडत्याचे काम आहे, आणि ते आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत.

मात्र सगळेच काड कचरा नव्हे. जोंधळ्याचा कडबा हा गुरांचा घास आहे. त्याला हात लावणे म्हणजे मुक्या प्राण्याच्या तोंडचे काढणे होय. उसाचे पाचट शेतातच कुजविले तर जमिनीचा कस राहतो. जाळण्याची चाल सोडून ते कुजविण्याकडेच शेतकऱ्यास वळवावे. आमच्या मते आरंभ मक्याच्या मोकळ्या कणसांपासून करावा. ती मळणीच्या जागी एकत्र पडतात, मातीत लोळत नाहीत, गुरे ती आवडीने खात नाहीत, आणि ती उचलल्याने शेताचे फारसे नुकसान होत नाही. शंभर क्विंटल मक्यामागे ती सुमारे पंधरा ते वीस क्विंटल निघतात. काही कणसे चुलीत व गुऱ्हाळाच्या चुलाणात जातात हे खरे. गरिबाचे जळण हिरावून घ्यावे असे आम्ही म्हणत नाही. जी उरतात, ढिगाने पडून सडतात किंवा पेटविली जातात, तेवढ्यांचाच हा विचार आहे. एक लाख क्विंटल मका ज्या पेठेत येतो, तिच्या मुलखात दीड-दोन हजार टन कणसे निघतील. एका पेठेच्या बळावर पानिपतएवढा कारखाना चालणार नाही. लहान कारखाना किंवा अनेक पेठांची जूट हाच मार्ग.

आता ज्या प्रश्नावर आपल्या घराघरांत दोन मते आहेत, त्याकडे वळतो. मद्य, मांस व मधु यांचा त्याग हा श्रावकाच्या मूलगुणांत गणला आहे. श्रावकाचारात जी पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत, त्यांत रसवाणिज्य आहे, आणि मद्याचा व्यापार त्यात येतो. शिवाय यीस्ट हाही जीव; त्याला पोसून शेवटी उष्णतेने नष्ट करावयाचे, यात आरंभ-हिंसा आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून कित्येक वडीलधारी मंडळी म्हणतात की, या वाटेसच जाऊ नये. त्यांच्या भावनेविषयी आम्हांस नितांत आदर आहे.

परंतु त्याच पंधरांत दवदानही आहे, म्हणजे आग लावणे. पेटविलेल्या शेतात किती किडे, मुंग्या, सरडे, पाखरांची पिले होरपळतात, याची गणती कोणी केली आहे काय? काडाला किंमत आली की ते जाळणारा हात आपोआप आखडतो. उपदेशाने जे साधत नाही ते भावाने साधते. दुसरे असे की, पेट्रोलमध्ये मिसळावयाचा मद्यार्क जवळजवळ निर्जल केलेला व पिण्यास अयोग्य केलेला असतो. तो मद्य म्हणून विकला जात नाही. तिसरे, आणि हे जरा स्पष्ट बोलतो, मक्याचा व फुटक्या तांदळाचा दाणा धान्याच्या पेठांतून आसवन्यांकडे जातच आहे. तो कोणत्या टाकीत पडतो, इंधनाच्या की पिण्याच्या, हे वजन करणाऱ्याला कळतही नाही. दाण्याच्या गाडीपुढे जो प्रश्न आपण विचारीत नाही, तो काडाच्या गाडीपुढेच विचारावा, यात सुसंगती कोणती? विचारावयाचा तर दोन्हीकडे विचारावा. धर्मनिर्णय देण्याचा अधिकार आमचा नाही. तो मुनिमहाराजांचा व शास्त्री-पंडितांचा आहे, आणि संघाने त्यांच्यापुढे हा प्रश्न रीतसर मांडावा अशी आमची विनंती आहे. तोवर आमचे मत असे की, आंबवण्याच्या व ऊर्ध्वपातनाच्या धंद्यात आपण भांडवल घालू नये. सुके काड गोळा करणे, साठविणे व पुरविणे एवढ्यापुरतेच राहावे.

या मर्यादेत संघाने काय करावे, ते सांगून लेख पुरा करतो. येत्या मक्याच्या हंगामात आपल्या पेठेभोवतीच्या गावांत मोकळी कणसे किती निघतात, किती जळणास जातात व किती उरतात, याची संघाने नोंद करवावी. आकड्यावाचून केलेला व्यापार हा सट्टा होय. बेळगावात निजलिंगप्पा साखर संस्था आहे, तंत्रविद्यापीठ आहे; तेथील एखाद्या होतकरू विद्यार्थ्यास आपल्याच मुलखातील कणसांवर मिश्र यीस्टांचे प्रयोग करण्यासाठी संघाने शिष्यवृत्ती द्यावी. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेच्या पद्धतीवर उत्तराखंडात काशीपूर येथे २०१६ साली रोज दहा टन काडाचा प्रायोगिक कारखाना उभा राहिला, तेव्हा लहान प्रमाणावर प्रयोग होऊच शकत नाही असे नाही. आणि उद्या कोणी खरेदीदार आला, तर संघाने सर्व सभासदांच्या वतीने एकच करार करावा. त्यात चार अटी असाव्यात: माल केवळ इंधनासाठीच वापरला जाईल; चारा म्हणून चालणारे काड घेतले जाणार नाही; वजन व ओल शेतकऱ्यासमोर मोजली जाईल; आणि पैसे त्याच आठवड्यात त्याच्या हाती पडतील. या चारही अटी मान्य नसतील, तर सौदा कितीही लाभाचा असला तरी सोडून द्यावा.

शेतकरी पिकवितो त्यातील दाणा विकण्याचे काम आपल्या वडिलांनी सचोटीने केले, म्हणून आज पेठेत आपल्या शब्दाला किंमत आहे. मागे राहणारे काड योग्य जागी पोहोचविण्याचे काम आपल्या मुलांपुढे येत आहे. आपण ते घेतले नाही तर दुसरे कोणी घेईल, आणि त्याच्या करारात या चार अटी असतीलच असे नाही. तरुण सभासदांनी या मताची चिकित्सा करावी, आकडे तपासावे, विरोध असल्यास तो सभेत मांडावा. परंतु विषय दूरचा म्हणून पान उलटू नये, एवढीच विनंती.